बिल फेटाळलं गेलं, कायदा नव्हे: कॅलिफोर्नियातल्या ऑफिसात जातीवरून त्रास होत असेल तर

तुमची हकिगत थोडक्यात पुन्हा सांगते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही विदर्भातले, बौद्ध कुटुंबातले. बे एरियात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत आहात. टीमला नवा मॅनेजर आला, तोही मराठी. आल्या आल्या त्याने आडनाव ऐकून ‘कुठले?’ विचारलं. पुढे १४ एप्रिलच्या कार्यक्रमातला तुमचा फोटो कुणीतरी त्याला दाखवला. त्यानंतर जेवणाच्या टेबलावर ‘ॲडमिशन कुठल्या लिस्टमधून?’ आणि ‘सरकारी जावई’ सुरू झालं, तुमच्या हातातलं मुख्य मॉड्यूल दुसऱ्याकडे गेलं. एचआरशी तोंडी बोललात तेव्हा ‘आमच्या धोरणात जात नाही, हा तुमच्या लोकांतला सांस्कृतिक विषय आहे’ असं उत्तर मिळालं. तीन आठवड्यांनी पीआयपी (‘काम सुधारा, नाहीतर नोकरी जाईल’ अशी लेखी योजना) हातात आला.

तुम्ही विचारता: गव्हर्नरने जातभेदाविरुद्धचं बिल फेटाळलं म्हणजे इथे कायदाच नाही का? सिएटलला असतो तर बरं झालं असतं का? लेखी तक्रार करावी की गप्प बसून दुसरी नोकरी शोधावी? आणि कंपनी लंडनला बदली देऊ करतेय, ती घ्यावी का?

मी कॅलिफोर्नियात फक्त कर्मचाऱ्यांच्या बाजूने नोकरीचे खटले लढवते, तेव्हा माझा कल कुठे आहे हे उघड आहे. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत. इथे सांगते ती दिशा समजा. तुमच्या वकिलाचा सल्ला त्याहून वरचढ.

माझ्या मते तुमची खरी अडचण कायदा असण्या-नसण्याची नाही. जातीतलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसांना, म्हणजे एचआर, तपास अधिकारी आणि उद्या वेळ आली तर ज्युरी, यांना हे जातीमुळेच घडलं हे कसं पटवायचं, ही पहिली अडचण. आणि ते पटेपर्यंत व्हिसा टिकवायचा, ही दुसरी. बहुतेक लोक तिसऱ्याच गोष्टीत, म्हणजे ‘कायद्यात शब्द आहे का’ यात अडकून वेळ घालवतात. पण तुम्ही विचारलंच आहे, म्हणून ते आधी उरकते.

एसबी ४०३ हे बिल सिनेटर आयेशा वहाब यांनी २०२३ च्या मार्चमध्ये आणलं. दोन्ही सभागृहांत ते मोठ्या बहुमताने पास झालं आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर न्यूसम यांनी नाकारलं. ही बातमी सगळ्यांनी वाचली, नाकारण्याचं कारण फार थोड्यांनी वाचलं. त्यांचं म्हणणं असं की सध्याच्या कायद्यात वंश, धर्म, ॲन्सेस्ट्री (पूर्वजांचं कूळ) वगैरे जे प्रवर्ग आहेत त्यांखाली जातीवरचा भेदभाव आधीच बेकायदा आहे, म्हणून वेगळं बिल अनावश्यक. बिलाच्या अंतिम मसुद्यातही जात हा वेगळा प्रवर्ग नव्हता. ॲन्सेस्ट्री या प्रवर्गाच्या व्याख्येतच तो शब्द बसवला होता.

आता यातली मेख. गव्हर्नरचा शेरा कोर्टावर बंधनकारक नसतो. कंपनीचे वकील उलट बोलतात: विधिमंडळाला शब्द घालावासा वाटला याचाच अर्थ तो कायद्यात नव्हता. आणि ‘जात म्हणजे ॲन्सेस्ट्री’ हा मुद्दा इथल्या वरच्या कोर्टात गुणवत्तेवर अजून निकाली निघालेला नाही. म्हणून या दाव्यात कुणीही शहाणा वकील एकाच खुंटीवर सगळं टांगत नाही. राज्याचा फेअर एम्प्लॉयमेंट अँड हाउसिंग ॲक्ट, आम्ही त्याला फेहा म्हणतो, त्याखाली ॲन्सेस्ट्री, वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ हे सगळे आधार घेतले जातात. जोडीला १८६६ चा फेडरल कायदा, आजच्या संहितेतलं कलम १९८१. गुलामगिरी संपल्यावर आलेला हा कायदा फक्त काळ्या-गोऱ्यांपुरता नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये एका इराकमध्ये जन्मलेल्या अरब प्राध्यापकाच्या खटल्यात स्पष्ट केलं. पूर्वजांवरून, वांशिक वैशिष्ट्यांवरून केलेला भेदभावही त्यात येतो. जन्माने मिळते आणि बापाकडून मुलाकडे जाते ती जात यात का बसू नये, हा युक्तिवाद मला तरी मजबूत वाटतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक आधार आहे आणि तो मराठी लोकच विसरतात, याचं मला नवल वाटतं. तुम्ही बौद्ध आहात. तुमच्या आजोबांच्या पिढीने १९५६ मध्ये नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून तुमच्या घरात धर्म हा वेगळाच आहे. ‘धर्म’ हा शब्द फेहात आहे, १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टच्या सातव्या प्रकरणातही आहे, तिथे व्याख्येची मारामारीच नाही. फोटो आंबेडकर जयंतीचा, पाठीमागे बुद्धमूर्ती, आणि त्यानंतर वागणूक बदलली, तर धर्माचा आधार तुमच्या तक्रारीत पहिल्या ओळीपासून असलाच पाहिजे. मात्र कलम १९८१ मध्ये धर्म येत नाही, हे लक्षात ठेवा.

‘तोही भारतीय, मीही भारतीय, तोही मराठी’ म्हणून भेदभाव कसा, असा प्रश्न तुम्हाला एचआर विचारेल. एकाच गटातला माणूस आपल्याच गटातल्या माणसाशी भेदभाव करू शकतो हे सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्येच मान्य केलं आहे. त्या प्रश्नावर अडून राहू नका.

सिएटलबद्दल थोडक्यात. पुण्यात जन्मलेल्या नगरसेविका क्षमा सावंत यांच्या प्रस्तावावर तिथल्या कौन्सिलने २१ फेब्रुवारी २०२३ ला ६ विरुद्ध १ मतांनी जात हा शब्द शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात घातला. अमेरिकेतलं ते पहिलं शहर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्या राज्यातलं फ्रेस्नो दुसरं झालं. शब्द असण्याचा फायदा हा की तिथे व्याख्येवर महिनेच्या महिने वाद घालावा लागत नाही. पण पुरावा तिथेही तुम्हालाच द्यावा लागला असता. आणि नुसत्या शब्दासाठी शहर बदलल्याने इथे घडलेल्या गोष्टींवरचा दावा तिकडे जात नाही.

सिस्कोच्या खटल्याचं नाव तुम्ही घेतलं आहे. जून २०२० मध्ये राज्याच्या नागरी हक्क विभागाने, ज्याला आता सीआरडी म्हणतात, एका दलित अभियंत्याच्या वतीने सिस्कोवर दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले आहेत. दावा आधी फेडरल कोर्टात होता, मग विभागाने तो तिथून काढून सांता क्लारा काउंटीच्या सुपिरियर कोर्टात घातला. एप्रिल २०२३ मध्ये दोन व्यवस्थापकांवरचा वैयक्तिक दावा विभागाने स्वतःच मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. ‘केस खोटी ठरली’ असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते या माघारीवरून. तुम्हाला त्यातून घेण्यासारख्या दोन गोष्टी ऑगस्ट २०२२ च्या अपील कोर्टाच्या निकालांत आहेत. एक, तुम्ही नोकरीला लागताना लवादाच्या कलमावर (वाद कोर्टात न नेता खासगी लवादापुढे नेण्याच्या अटीवर) सही केली असेल, बहुतेक सगळ्यांनी केलेली असते, तर ती तुम्हाला बांधते. सीआरडीला बांधत नाही. विभाग स्वतः दावा लावायला तयार झाला तर तो उघड कोर्टात चालतो. दोन, नाव लपवून लढण्याची परवानगी मागताना भारतातल्या नातेवाइकांना होऊ शकणारा त्रासही विचारात घ्यायला हवा, ते कॅलिफोर्नियाबाहेर आहेत म्हणून तो बाजूला सारता येत नाही. गावाकडे आईवडील असलेल्या माणसाला ही गोष्ट किती मोठी आहे हे मी सांगायला नको.

आता पुराव्याकडे येते, कारण निम्मं उत्तर इथेच आहे.

जात दिसत नाही. गोऱ्या मॅनेजरला काळ्या कर्मचाऱ्याचा वर्ण माहीत होता का, असं कोर्टात कुणी विचारत नाही. जातीच्या खटल्यात हाच पहिला प्रश्न असतो: निर्णय घेणाऱ्याला जात माहीत होती का, आणि कधीपासून? समजा तुमचं आडनाव गायकवाड आहे. गायकवाड मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, इतरांतही आहेत. म्हणून नुसत्या आडनावावर माणूस थांबत नाही. ‘कुठले गायकवाड? बडोद्याचे का?’ मग गाव. गाव सांगितलं की ‘गावात कुठे?’ मग नॉनव्हेज खाता का. मग घरी गणपती बसतो का. तुम्हाला आणि मला या चौकशीचा रोख दुसऱ्या प्रश्नालाच कळतो. सॅन होजेच्या ज्युरीला यात फक्त एक गप्पिष्ट सहकारी दिसतो. अमेरिकेत ‘तू कुठला?’ हा विमानतळावर वेळ घालवण्याचा प्रश्न आहे.

म्हणून तक्रारीत घटना लिहिताना प्रत्येक वेळी दोन ओळी अर्थ सांगण्यासाठी खर्च करा. ‘महाराष्ट्रात हे आडनाव अनेक जातींत आढळतं. त्यामुळे गाव आणि गावातली वस्ती विचारून जात काढली जाते.’ ‘सरकारी जावई हे आरक्षण घेणाऱ्या जातींना हिणवण्यासाठी वापरलं जातं. याचा आशय असा की तुम्ही लायकी नसताना इथे पोहोचलात.’ हे इतकं उघड करून लिहिताना आपल्यालाच कसंसं होतं. तरी लिहा. पुढे खटला उभा राहिला तर जातिव्यवस्था समजावणारा तज्ज्ञ साक्षीदार लागतोच, पण एचआरच्या टेबलावर तो नसतो. तिथे तुम्हीच आहात.

नोंदी कशा ठेवायच्या? ‘मॅनेजर नेहमी जातीवरून टोमणे मारतो’ ही नोंद मला काडीच्या उपयोगाची नाही. ही बघा: ‘मंगळवार, दुपारी साडेबारा, दुसऱ्या मजल्यावरचं कॅफेटेरिया, खिडकीजवळचं टेबल. अ, ब आणि मी. बोलणं मराठीत. मी म्हणालो, डिझाइनचा रिव्ह्यू राहिलाय. मॅनेजर म्हणाला, “तुला काय, तुम्ही सरकारी जावई, रिव्ह्यूशिवाय पास.” ब हसला. अ ने ताटाकडे बघितलं. दोन वाजता त्याच डिझाइनच्या मीटिंगचं निमंत्रण मला आलं नाही.’ मूळ मराठी शब्द जसेच्या तसे, खाली त्यांचा अर्थ. कोण होतं ते. आणि लगेच कामात काय बदललं ते. ही वही स्वतःच्या घरच्या साधनावर ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवलेली वही कामावरून काढलेल्या दिवशी दुपारपर्यंत बंद होते.

इथे दोन इशारे. भारतातून आलेले अशील हमखास विचारतात, ‘मॅडम, मोबाइलवर गुपचूप रेकॉर्ड करू का?’ कॅलिफोर्नियात खासगी संभाषण सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं हा दंडसंहितेच्या कलम ६३२ खाली गुन्हा आहे. मॅनेजरला पकडायला जाल आणि स्वतःच सापडाल. दुसरं, कंपनीच्या फाइली, इतरांचे रिव्ह्यू, पगाराच्या याद्या स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. ‘गोपनीय माहिती चोरली’ हे काढून टाकायला आयतं कारण होतं. स्वतःचे रिव्ह्यू, स्वतःला आलेला पीआयपी, स्वतःच्या नावाने आलेली मीटिंगची निमंत्रणं यांची यादी तारखांसह करून ठेवा. खटल्यात ते सगळं कंपनीकडून मागवता येतं, फक्त काय मागवायचं हे आम्हाला माहीत असावं लागतं.

तुमच्या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो क्रम. आधीच्या मॅनेजरकडे चांगले रिव्ह्यू, फोटो, शेरे, मॉड्यूल गेलं, एचआरशी बोलणं, पीआयपी. पूर्वीचे चांगले रिव्ह्यू कंपनीच्याच हातचे आहेत, ते तिला नाकारता येत नाहीत. मॉड्यूल काढणं ही किरकोळ गोष्ट आहे, पगार तर तोच, असं ते म्हणतील. कामाच्या अटींवर आणि बढतीच्या शक्यतेवर खराखुरा परिणाम झाला तर फेहाखाली ते पुरतं. फेडरल कायद्यातही एप्रिल २०२४ पासून सुप्रीम कोर्टाने बदलीच्या बाबतीत ‘काहीतरी नुकसान’ एवढ्यावर अट सैल केली आहे. आणि टीममधल्या ज्यांच्या डेडलाइन तुमच्यासारख्याच हुकल्या, त्यांना पीआयपी मिळाला का? हे उत्तर तुमच्याकडे असेल तर ते नोंदवा. नसेल तर अंदाज लिहू नका.

शेऱ्यांबद्दल एक गोष्ट अलीकडे बदलली आहे. एखाददुसऱ्या वाक्याने काय होतं, असं कंपन्या म्हणत आल्या. जुलै २०२४ मध्ये कॅलिफोर्निया सुप्रीम कोर्टाने सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या (सरकारी वकिलाच्या) कार्यालयातल्या एका कृष्णवर्णीय कर्मचारी महिलेच्या प्रकरणात सांगितलं की एकदाच उच्चारलेली वांशिक शिवीही, परिस्थिती पाहता, छळ ठरू शकते, आणि एचआरच्या माणसाने तक्रार दडपणं हीसुद्धा सुडाची कारवाई ठरू शकते. ‘सरकारी जावई’ हे त्या शिवीच्या तोडीचं आहे हे कोर्टाला पटेल का? तज्ज्ञ साक्षीदार किती चांगला, न्यायाधीश कोण, आणि तोच माणूस पुढे तुमचं काय करू शकत होता, यावर ते अवलंबून आहे. मी त्यावर पैज लावणार नाही. पण सुडाच्या मुद्द्यावर लावेन.

कारण माझ्या अनुभवात या प्रकारच्या प्रकरणांत मूळ भेदभावापेक्षा तक्रारीनंतरच्या सुडाचा दावा जास्त पक्का उभा राहतो. त्यात तुम्हाला जात म्हणजे काय हे सिद्ध करावं लागत नाही. हे बेकायदा आहे असं तुम्ही प्रामाणिकपणे आणि वाजवी कारणाने समजत होतात, तसं कंपनीला सांगितलंत, आणि त्यापायी तुमच्यावर कारवाई झाली, एवढं दाखवायचं. १ जानेवारी २०२४ पासून राज्याच्या लेबर कोडच्या (कामगार कायद्याच्या) तक्रारदाराला संरक्षण देणाऱ्या कलमात आणखी एक भर पडली: तक्रारीनंतर ९० दिवसांत कारवाई झाली तर ती सुडापोटी झाली असं सुरुवातीला गृहीत धरलं जातं आणि खुलासा कंपनीला करावा लागतो. तुमचा पीआयपी तोंडी तक्रारीनंतर तीन आठवड्यांनी आला. तोंडी तक्रारही तक्रारच असते. ‘असं बोलणं झालंच नाही’ असं उद्या म्हणू शकतील, एवढाच धोका. त्या भेटीचं कॅलेंडरचं निमंत्रण असेल, ‘भेटल्याबद्दल आभार’ असा मेसेज असेल, तर तो तुमचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भारी पुरावा.

तेव्हा लेखी तक्रार करावी का? करावी, आणि याच आठवड्यात. मेल लांबलचक नको. अमुक तारखेला मी तुम्हाला भेटून हे सांगितलं होतं, हे पहिलं वाक्य. मग तीन-चार ठळक घटना, तारखा, शब्द, साक्षीदार. मग ‘माझा धर्म, ॲन्सेस्ट्री, वंश आणि राष्ट्रीय मूळ यांवरून, म्हणजे माझ्या जातीवरून, माझ्याशी भेदभाव आणि माझा छळ होत आहे, आणि मी बोलल्यानंतर सूड म्हणून पीआयपी दिला आहे असं मला वाटतं’, हे वाक्य याच शब्दांत. ‘मला अपमानास्पद वाटतं’, ‘वातावरण चांगलं नाही’ असं मोघम लिहिलं की कायद्याचं संरक्षण मिळेलच असं नाही. वाईट बॉस असणं बेकायदा नाही. शेवटी चौकशीची मागणी. मॅनेजरच्या स्वभावावर, त्याच्या जातीवर, त्याच्या गावावर एक अक्षर नको. आपल्या माणसांना तो मोह फार होतो, आणि तो मेल पुढे ज्युरीसमोर मोठ्या पडद्यावर वाचला जातो.

एचआरचं ‘आमच्या धोरणात जात नाही’ हे उत्तर मेलमध्ये जसंच्या तसं उद्धृत करा. धोरणात नसणं आणि कायद्यात नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ॲपलने तर सिस्कोच्या दाव्यानंतर धोरणात जात स्पष्टपणे घातली, आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये. तुमच्या कंपनीने घातली नाही म्हणून ती सुटत नाही. जाता जाता: कुणी सर्वेक्षणांची आकडेवारी तोंडावर फेकली तर गुंतू नका. एका संघटनेच्या पाहणीत ६७ टक्के दलितांनी कामावर अन्याय झाल्याचं सांगितलं, कार्नेगी या संशोधन संस्थेच्या पाहणीत एकूण ५ टक्के भारतीय-अमेरिकनांनी जातीभेद अनुभवल्याचं सांगितलं. विचारलेली माणसंच वेगळी होती. तुमच्या खटल्यात नमुना एकाच माणसाचा आहे.

पीआयपीतलं काम मात्र मन लावून करा, आणि केल्याचं दर आठवड्याला मेलवर लिहून पाठवा.

मुदतींचं बोलू. सीआरडीकडे तक्रार द्यायला शेवटच्या घटनेपासून ३ वर्षं, नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ईईओसीकडे कॅलिफोर्नियात ३०० दिवस, कलम १९८१ ला ४ वर्षं आणि त्यात आधी कुठल्या खात्याकडे जावं लागत नाही. म्हणजे कायद्याकडे वेळ आहे. तुमच्या व्हिसाकडे नाही. नोकरी गेली की देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस, तेही आय-९४ ची (देशात राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची) मुदत त्याआधी संपत नसेल तर. त्यामुळे नोकरी शोधणं आणि तक्रार करणं यांत निवड करायची नाही, दोन्ही एकाच वेळी करायचं. नोकरी बदलल्याने दावा मरत नाही. उलट नवी नोकरी लवकर लागली तर नुकसानभरपाईचा आकडा कमी होतो खरा, पण माणूस शांतपणे लढू शकतो, आणि मी दहापैकी नऊ अशिलांना तेच घ्यायला सांगते. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील तर कंपनीने ती मागे घेतली तरी सहसा तुमची रांगेतली तारीख जात नाही. शिवाय मंजूर आय-१४० असलेल्यांना, मालकाशी वाद किंवा सूड अशा बिकट परिस्थितीत, तात्पुरता कामाचा परवाना मागण्याची एक तरतूद आहे. ती सरसकट मिळत नाही आणि तिचे तोटे आहेत. माझा हा प्रांत नाही, म्हणून नोकरीच्या वकिलासोबत इमिग्रेशनचा वकीलही आत्ताच गाठा, पीआयपीच्या शेवटच्या आठवड्यात नाही. आणि मॅनेजरने किंवा एचआरने ‘व्हिसाचा विचार कर’ असं धमकीच्या सुरात म्हटलं तर तारीख टाकून लिहून ठेवा. तक्रार केली म्हणून इमिग्रेशनची भीती घालणं या राज्यात स्वतंत्रपणे बेकायदा आहे.

कायदा कुठे पोहोचत नाही, हेही ऐका. भारतातला ॲट्रॉसिटी कायदा इथल्या कॅफेटेरियाला लागू होत नाही. तिकडच्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन इकडच्या मॅनेजरवर काही होणार नाही. तुमच्या पत्नीला कुणाच्या घरच्या हळदीकुंकवाला बोलावलं नाही, हे जिव्हारी लागतं, पण त्यावर दावा नाही. ‘फक्त शाकाहारी रूममेट हवा’ या जाहिरातीवरही बहुधा नाही: एकाच घरात राहायला कोण घ्यावं ही निवड घरभाड्याच्या भेदभाव कायद्यांच्या बाहेर आहे, असं नवव्या सर्किटच्या कोर्टाने (कॅलिफोर्निया ज्याच्या हद्दीत येतं त्या फेडरल अपील कोर्टाने) २०१२ मध्ये म्हटलं. घरमालकाने अख्खं अपार्टमेंट भाड्याने देताना जात काढली तर गोष्ट वेगळी. आणि मॅनेजरवर व्यक्तिशः दावा करायचा असेल तर तो छळाचा करता येतो, भेदभावाचा फक्त कंपनीवर, हा फेहाचा नियम आहे.

आमच्या धंद्यातली एक अवघड गोष्टही बोलून टाकते. माझं आडनाव ब्राह्मणी आहे. असे अशील माझ्याकडे येतात तेव्हा आधी ते माझं आडनाव बघतात, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. तुम्हीही वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: असं प्रकरण हाताळलं आहे का, जात समजावून सांगणारा तज्ज्ञ कुठून आणणार? मराठी वकीलच हवा असं अजिबात नाही. मी पाहिलेले यातले दोन उत्तम वकील जन्माने अमेरिकन आहेत आणि त्यांना ‘कुठले गायकवाड’ पहिल्यांदा ऐकल्यावर समजलं नव्हतं. त्यांनी विचारलं, म्हणून ज्युरीलाही समजावता आलं.

राहिली लंडनची बदली. तिथला कायदा इथल्यासारखाच अर्ध्यात अडकलेला आहे. २०१० च्या इक्वालिटी ॲक्टमध्ये जात ही वंशाचा भाग म्हणून घालण्याची मुभा सरकारला दिली होती, २०१३ मध्ये संसदेने ती सक्तीची केली, आणि २०१८ मध्ये सरकारने ते न करता कोर्टाच्या निकालांवर सोडायचं ठरवलं. त्यातला मुख्य निकाल म्हणजे बिहारहून मिल्टन कीन्सला आणलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईचा. डिसेंबर २०१४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने म्हटलं की जात ‘वांशिक मूळ’ यात बसू शकते, आणि २०१५ मध्ये तिला थकलेल्या वेतनापोटी सुमारे १ लाख ८४ हजार पौंड मंजूर झाले. तासाला ११ पेन्सच्या हिशोबाने तिला राबवलं होतं. म्हणजे तिथेही दार आहे, पण तक्रारीची मुदत महिन्यांत मोजतात, इथल्यासारखी वर्षांत नाही.

पण तुम्ही बदली घेतलीत तर इथे घडलेल्याचा दावा इथेच राहतो आणि लंडनमध्ये बसूनही चालवता येतो. त्यामुळे मी कायद्याऐवजी या गोष्टी बघेन. लंडनमध्ये तुम्ही कुणाच्या हाताखाली? त्याच मॅनेजरच्या साखळीत असाल तर बदलीला अर्थ नाही. परत यायचं झालं तर? देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने एक लाख डॉलरचं शुल्क आलं. ते तुम्हाला लागू होईल का, हे इमिग्रेशन वकिलाला विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारा. आणि बदलीचं पत्र कसं आहे? त्यात, किंवा नोकरी सोडण्याच्या कराराच्या मसुद्यात, ‘आजवरचे सर्व दावे सोडत आहे’ असं कलम असेल तर सही करताच वरचं सगळं संपू शकतं. नोकरी सोडण्याचा करार असेल तर वकिलाला दाखवायला किमान पाच कामकाजाचे दिवस द्यावे लागतात, आणि भेदभावाच्या घटनांबद्दल कायमचं तोंड बंद ठेवण्याची अट त्यात घालता येत नाही. एचआर म्हणेल, आज संध्याकाळपर्यंत डॉक्युसाइन (ऑनलाइन सही) करा. करू नका. ‘मिळालं, वकिलाला दाखवून कळवतो’ एवढं एक ओळीचं उत्तर पाठवा आणि त्या मेलची तारीखही वहीत लिहून ठेवा.